बागेत पकडलेल्या माणसाचा व्हिडिओ ग्रुपवर टाकण्याचा अधिकार आपल्याला आहे का?

खाडीवारा

देवगड तालुक्यातील आमच्या गावात पंधरवड्यापूर्वी एक प्रकार घडला, त्यावर इथल्या जाणत्या सदस्यांचे मत मला हवे आहे. आंब्याच्या एका बागेत रखवालीला असलेल्या नेपाळी कामगारावर शेजारच्या बागेतील फळ काढून परस्पर विकल्याचा आळ आला. पहाटे त्याला मांगरातून, म्हणजे बागेतील झोपडीतून, बाहेर काढले, खळ्यात रिकाम्या क्रेटच्या थप्पीपाशी उभे करून दोन-चार थपडा लगावल्या आणि "मीच आंबे काढले" हे मोडक्या हिंदीत त्याच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतले, कारण पहिल्यांदा आवाज नीट आला नाही, असे चित्रीकरण करणारा व्हिडिओतच म्हणताना ऐकू येतो. त्याची बायको मुलाला कडेवर घेऊन दाराशी उभी आहे आणि तिचाही चेहरा स्पष्ट दिसतो. वाडीच्या ग्रुपवरून तो व्हिडिओ मुंबईच्या मंडळाच्या ग्रुपवर गेला, तिथून तालुक्यातील बागायतदारांच्या ग्रुपवर गेला, आणि दिवेलागणीपर्यंत त्याच्या भावाने नेपाळहून फोन करून "तू तिथे काय केलेस" असे त्याला विचारले.

चोरीची तक्रार मात्र आजतागायत पोलीस ठाण्यात झालेली नाही. त्याने आंबे काढले की नाही हे मला ठाऊक नाही आणि माझा प्रश्न त्यावर अवलंबूनही नाही. शेजारच्या आजी "तो चोर नाय, माका ठावक आसा" असे भेटेल त्याला सांगतात, पण त्यांचे म्हणणे कोणाच्या मोबाईलवर गेलेले नाही.

माझे मत असे आहे की व्हिडिओ काढणे आणि व्हिडिओ पसरवणे या दोन निरनिराळ्या कृती आहेत आणि गेल्या काही वर्षांत आपण त्या एकच मानू लागलो आहोत. काढलेला व्हिडिओ कित्येकदा दुबळ्या माणसाचा एकमेव साक्षीदार असतो. पसरवलेला व्हिडिओ खटला उभा राहण्याआधीच शिक्षा देऊन मोकळा होतो आणि त्या शिक्षेवर अपील करता येत नाही. अशा माणसाला कायद्याने कोणते हक्क आहेत, आणि गाव म्हणून आपण काय करायला हवे?


कलमबाग

मी स्वतः बागायतदार आहे, त्यामुळे दुसरी बाजूही मांडली पाहिजे असे वाटते. मोहोर आल्यापासून फवारणी, राखण आणि माकडांचा उपद्रव या सगळ्यांतून जे फळ हाती लागते, ते एका रात्रीत कोणी उतरवून नेले तर वर्षाचे गणित कोसळते. तक्रार द्यायला गेलो की "फळ तुमचेच कशावरून" हा पहिला प्रश्न येतो आणि पंचनामा होईपर्यंत माल वाशीला पोहोचलेला असतो. मारहाण चुकीची आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु ग्रुपवर व्हिडिओ आल्यामुळे आजूबाजूच्या बागा सावध होतात आणि चोरीला आळा बसतो, हा अनुभव मी नाकारू शकत नाही. ज्याचे नुकसान झाले त्यालाही काही हक्क असतील, तेही या चर्चेत यावेत.


काळा कोट

सिंधुदुर्गात वकिली करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

खाडीवारा यांनी वर्णिलेल्या प्रकारात अनेक गुन्हे एकमेकांत गुंतलेले आहेत. थपडा मारणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५(२) खाली गुन्हा आहे, पण तो अदखलपात्र, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत असा, असल्यामुळे ठाण्यात बहुधा एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) करून पाठवणी होते. एखाद्याला जाऊ न देता अडवून ठेवणे हा मात्र कलम १२६ आणि १२७ खाली दखलपात्र गुन्हा आहे, हे तक्रारदारांना सहसा ठाऊक नसते. व्हिडिओ पसरवणे हा कलम ३५६ खाली बदनामीचा विषय होतो. "जे खरे तेच तर दाखवले" हा बचाव इथे आपोआप चालत नाही, कारण मजकूर खरा असण्याबरोबरच तो प्रसिद्ध करणे लोकहिताचे होते हेही दाखवावे लागते. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने बदनामीचा फौजदारी कायदा वैध ठरवला तेव्हा माणसाची प्रतिष्ठा ही अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग मानली. त्याच अनुच्छेदात खासगीपणाही येतो, असे नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सांगितले. दाराशी उभ्या असलेल्या त्या बाईवर तर कोणताच आरोप नव्हता. तिच्या चेहऱ्याचे प्रदर्शन कोणत्या लोकहितासाठी झाले, याचे उत्तर व्हिडिओ टाकणाऱ्याने द्यायला हवे.

आता त्या कबुलीविषयी. पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुलीसुद्धा आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, इतकी काळजी आपल्या पुरावा कायद्याने ब्रिटिश काळापासून घेतली आहे, कारण धाकाने माणूस काहीही कबूल करतो हे कायदा करणाऱ्यांना माहीत होते. घोळक्याने थपडा मारून वदवलेल्या वाक्याला न्यायालयात कितपत वजन मिळेल, याचा अंदाज यावरून करावा. चोरी शाबीत करण्यासाठी त्या व्हिडिओचा उपयोग जवळजवळ शून्य आहे. उलट मारहाण आणि अडवणूक शाबीत करण्यासाठी तो उत्तम पुरावा आहे, आणि तो मारणाऱ्यांनी स्वतःच तयार करून दिला आहे.


पाणंद

ग्रुपचा अ‍ॅडमिन यात सापडतो का? आमच्या वाडीच्या ग्रुपला मीच अ‍ॅडमिन आहे आणि सदस्य काय टाकतील यावर माझा काही ताबा नसतो.


काळा कोट

पाणंद, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली यावर निर्णय दिलेला आहे. सदस्याने टाकलेल्या मजकुराबद्दल अ‍ॅडमिनला केवळ तो अ‍ॅडमिन आहे म्हणून दोषी धरता येत नाही. दोघांचा समान उद्देश होता किंवा आधी संगनमत झाले होते हे दाखवावे लागते. मात्र कायद्याने तुम्ही सुटलात म्हणून तुमचे काम संपत नाही. दुसऱ्या सदस्याचा संदेश सर्वांसाठी पुसण्याची सोय व्हॉट्सअ‍ॅपने अ‍ॅडमिनला दिलेली आहे. ती पहिल्या काही मिनिटांत वापरली तर प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये प्रत उतरण्याआधी पुष्कळ काही वाचू शकते.


रापणकर

मी मालवणकडचा. आमचा अनुभव खाडीवारा यांच्या मांडणीतील पहिल्या अर्ध्या भागाला बळ देणारा आहे. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढणाऱ्या आणि गिलनेटवर पोट असलेल्या मच्छीमारांनी एलईडी दिव्यांच्या मासेमारीविरुद्ध वर्षानुवर्षे निवेदने दिली. २०१७ साली केंद्राने त्या पद्धतीवर बंदी घातली, तरी रात्री समुद्रावर दिव्यांचा झगमगाट किनाऱ्यावरून दिसतच राहिला. "पुरावा आणा" हे उत्तर आम्हाला प्रत्येक वेळी मिळत असे. पुरावा म्हणजे हलत्या होडीतून, एका हाताने सुकाणू धरून दुसऱ्या हाताने काढलेला व्हिडिओ, ज्यात बोटीचा नोंदणी क्रमांक वाचता आला पाहिजे. तसे व्हिडिओ आम्ही काढले, मत्स्यव्यवसाय विभागाकडे दिले आणि वार्ताहरांनाही दिले, म्हणून आमच्या तक्रारींकडे लक्ष गेले. २०२५ मध्ये शासनाने ड्रोनची देखरेख सुरू केली, त्यामागे मच्छीमारांच्या मोबाईलचाही वाटा आहे, असे मी मानतो.

परंतु आमच्यातही एक नियम पाळला जातो, तो सांगतो. बोटीचा क्रमांक दाखवायचा, खलाशाचा चेहरा दाखवायचा नाही. त्या बोटींवरचे खलाशी बहुधा परप्रांतातून मजुरीला आलेले असतात, बोट त्यांची नसते आणि दिवे लावण्याचा निर्णयही त्यांचा नसतो. लढाई ज्याच्याशी आहे त्याचेच नाव पुढे आले पाहिजे. तुमच्या गावातील व्हिडिओत नेमके उलटे झालेले दिसते. चोरीचा माल विकत घेणारा कोण, तो कोणत्या अडत्याकडे गेला, हे कोणी चित्रित केले नाही, आणि सर्वांत गरीब माणसाचा चेहरा तेवढा जगभर फिरला.


शाळेची घंटा

रापणकर यांचा नियम मला फार मोलाचा वाटला. शिक्षिका म्हणून एका गोष्टीची भर घालते. आमच्या शाळेतील नववीच्या एका मुलावर दुकानातून मोबाईल उचलल्याचा आरोप झाला आणि दुकानातील सीसीटीव्हीचा तुकडा गावभर झाला. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार, कायद्याशी संघर्षात आलेल्या बालकाची ओळख पटेल असे नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र कोणत्याही माध्यमातून प्रसिद्ध करता येत नाही. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हा नियम फक्त वर्तमानपत्रांसाठी आहे असा गावात समज होता.

त्या मुलाचे प्रकरण पुढे मिटले, परंतु तो वर्गात मागच्या बाकावर खिडकीकडे तोंड करून बसू लागला आणि दहावीला त्याच्या वडिलांनी त्याला मामाकडे चिपळूणला पाठवले. बालकाच्या नोंदी पुढील आयुष्यात त्याच्या आड येऊ नयेत म्हणून कायद्याने त्या नष्ट करण्याची तरतूद केली आहे. ही तरतूद लिहिणाऱ्यांनी कागदाच्या नोंदींचा विचार केला होता. प्रत्येक घरातील मोबाईलमध्ये असलेली नोंद कोण नष्ट करणार?


शिरगाव किनारा

मी पालघरचा, म्हणून थोडा वेगळा सूर लावतो आणि तो इथे कोणाला टोचला तर क्षमा असावी. धाग्याचा कल "व्हिडिओ टाकणाऱ्यावर गुन्हे दाखल करा" या दिशेने जातो आहे. त्या वाटेवर काय घडते हे आमच्या गावाने नोव्हेंबर २०१२ मध्ये पाहिले आहे. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या पसंत केल्या आणि दोघींना अटक झाली. तिच्या नातेवाइकाच्या दवाखान्याची मोडतोड झाली ती वेगळीच. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ तेव्हा इतके सैल होते की कोणाला त्रास वाटेल असा कोणताही मजकूर त्यात बसवता येत असे. त्यातून श्रेया सिंघल खटला उभा राहिला आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. तरीही रद्द झालेल्या त्या कलमाखाली पोलीस गुन्हे नोंदवत राहिले, आणि २०२१ मध्ये न्यायालयाला त्याबद्दल आश्चर्य आणि खेद व्यक्त करावा लागला.

कोल्हापूर जिल्ह्यातील एका प्राध्यापकावर व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून गुन्हा नोंदला गेला होता. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करताना, शासनाच्या निर्णयावर टीका करण्याचा नागरिकाला हक्क आहे हे स्पष्ट केले. मार्च २०२५ मध्ये एका कवितेवरून नोंदवलेला गुन्हाही न्यायालयाने रद्द केला आणि अशा प्रकरणांत गुन्हा नोंदवण्यापूर्वी पोलिसांनी प्राथमिक चौकशीची नवी तरतूद वापरावी, असे सांगितले. निकाल चांगले लागतात, पण ते लागेपर्यंत माणसाची नोकरी, झोप आणि शेजार यांचे जे व्हायचे ते होऊन गेलेले असते.

याच जिल्ह्याने दुसरी बाजूही पाहिली आहे. एप्रिल २०२० मध्ये गडचिंचले येथे अफवांनी पेटलेल्या जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक यांना ठार मारले. त्याआधी १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून भिक्षेकरी समाजातील पाच जणांचे बळी घेतले गेले, आणि त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात फॉरवर्डवर पाच जणांची मर्यादा आणली. त्यामुळे मी बंधने नकोतच असे म्हणत नाही. बंधन कोणत्या मजकुरावर आहे हे कायद्याने इतके नेमके सांगावे की उद्या बागेतील मारहाणीचा व्हिडिओ दाखवून दाद मागणाऱ्यावरच ते उलटू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.


चाकरमानी डोंबिवली

शिरगाव किनारा यांच्याशी सहमत आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणातील माझ्या आईवडिलांचा ठावठिकाणा मला मंडळाच्या ग्रुपवर आलेल्या एका व्हिडिओतून लागला. मागे आमच्या गच्चीवर माणसे दिसत होती. नंतर वीज गेली, टॉवर बंद पडले आणि पुढच्या रात्री कोणाचीच खबर नव्हती. ग्रुप हे आम्हा मुंबईकरांसाठी गावाचे दार आहे, म्हणून त्या दारातून काय आत येते याची जबाबदारी आम्हीही घेतली पाहिजे. खाडीवारा यांच्या गावचा व्हिडिओ मुंबईच्या ग्रुपवर आला तेव्हा तिथल्या एकानेही "हे पुसा" असे लिहिले नसेल, तर दोष केवळ वाडीचा नाही.


कलमबाग

सगळे वाचले. काळा कोट यांचा मुद्दा मला पटतो की त्या व्हिडिओने चोरी शाबीत होत नाही. पण मग आम्ही नेमके करावे काय? रात्री दोन वाजता बागेत माणूस सापडला, तर त्याला सोडून द्यायचे का? मी हा प्रश्न रागाने विचारत नाही. मला खरोखरच पद्धत हवी आहे.


काळा कोट

योग्य प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर कायद्यात आहे. डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला सामान्य माणूसही पकडू शकतो. चोरी या प्रकारात मोडते. मात्र चोरलेल्या मालाची किंमत पाच हजार रुपयांच्या आत असेल आणि पहिलाच गुन्हा असेल, तर नव्या संहितेत नियम निराळे आहेत, म्हणून किरकोळ फळांसाठी हा अधिकार वापरू नये. पकडलेल्या माणसाला विनाविलंब, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. पोलीस पाटलांना ताबडतोब बोलवावे. या वेळात त्याला मारणे, बांधून ठेवणे किंवा कबुली मागणे यांपैकी कशाचाही अधिकार आपल्याला मिळत नाही.

मोबाईल जरूर वापरा, पण पुराव्यासाठी. झाडाखाली पडलेला झेला (आंबे उतरवण्याची जाळीची काठी), भरलेले क्रेट, गाडीचा क्रमांक आणि तोडलेल्या देठांचा ताजा चीक यांचे चित्रण करा. मग ती फाईल कोणालाही न पाठवता मूळ मोबाईलमध्ये तशीच ठेवा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र अनिवार्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालन्याच्या निवडणूक याचिकेत, म्हणजे अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात, ठामपणे सांगितले. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार त्या प्रमाणपत्रात फाईलचे हॅश मूल्यही, म्हणजे फाईल जराशी बदलली तरी बदलणारा तिचा ओळख-आकडा, नमूद करावे लागते. व्हॉट्सअ‍ॅपवरून गेलेला व्हिडिओ दाबून लहान केला जातो, त्याचे हॅश मूल्य बदलते आणि चित्रीकरणाची वेळ, जागा या नोंदीही बहुधा गळून पडतात. ग्रुपवरून उतरवून घेतलेल्या फाईलवर खटला उभा करायला गेलात तर आरोपीच्या वकिलाचे काम सोपे होते. म्हणून तुमच्या नुकसानीचा विचार केला तरी पसरवणे तोट्याचेच आहे.

तक्रार ठाण्यात न जाता इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते; तीन दिवसांच्या आत जाऊन तिच्यावर सही करावी लागते. "फळ तुमचेच कशावरून" या प्रश्नाला बागेचा सातबारा आणि रखवालदाराशी झालेला व्यवहार, दोन्ही लेखी ठेवणे हे उत्तर आहे. आपल्याकडे दुसरी गोष्ट क्वचितच लेखी असते.


सुरंगी

चर्चा बागेभोवती फिरते आहे, म्हणून बायकांच्या वाट्याला येणारा प्रकार इथे नोंदवते. माझ्या परिचयातील एका मुलीचा चेहरा दुसऱ्याच चित्राला चिकटवून एका समाजमाध्यमावर टाकला गेला. तिने पहिली गोष्ट केली ती म्हणजे खाते बंद केले, आणि त्याबरोबर पुरावाही नाहीसा झाला. त्यामुळे जिच्यावर ही वेळ येईल तिने आधी पानाचा पत्ता, खात्याचे नाव आणि तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यावेत आणि त्यानंतर तक्रार करावी. प्रत्येक मोठ्या माध्यमाला तक्रार निवारण अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे २०२१ चे नियम आले तेव्हाच त्यात अशा नग्न किंवा बनावट चित्रांसाठी, पीडितेच्या तक्रारीवरून २४ तासांत मजकूर हटवण्याची अट घातली गेली. त्याने दाद दिली नाही तर केंद्राने नेमलेल्या अपील समितीकडे जाता येते. पोलिसांसाठी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल आहे. आर्थिक फसवणूक असेल तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा.

हे सगळे करूनही त्या मुलीच्या बाबतीत घरच्यांचा निर्णय काय झाला, तर तिचा मोबाईल काढून घेण्यात आला. ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. नोट्स, परीक्षेचा अर्ज आणि शिष्यवृत्तीचा ओटीपी हे सर्व त्याच मोबाईलवर येत होते. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये इंटरनेट वापरण्याची मुभा हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला, तो खटला वसतिगृहात मुलींचे मोबाईल काढून घेण्यावरूनच उभा राहिला होता. गुन्हा दुसऱ्याने करायचा आणि हक्क हिचा जायचा, हे मला कोणत्याही कायदेशीर तांत्रिक मुद्द्यापेक्षा गंभीर वाटते. खाडीवारा, त्या नेपाळी कामगाराच्या बायकोने व्हिडिओ पाहिला आहे का, आणि तिला त्याबद्दल काय वाटते, हे कोणी विचारले आहे का?


पाणंद

आणखी एक शंका. तो माणूस भारताचा नागरिक नाही. मग घटनेतील हक्क त्याला कसे लागू होतील?


काळा कोट

सगळे लागू होत नाहीत, पण इथे जे लागतात ते होतात. भाषणस्वातंत्र्याचा अनुच्छेद १९ "नागरिकांना" आहे. कायद्यापुढील समानतेचा अनुच्छेद १४ आणि जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्याचा अनुच्छेद २१ "कोणत्याही व्यक्तीला" आहेत. शिवाय १९५० च्या भारत-नेपाळ करारानुसार दोन्ही देशांचे लोक परस्परांच्या भूमीत राहू आणि काम करू शकतात, त्यामुळे त्याचे इथले वास्तव्य बेकायदेशीर नाही.


शिरगाव किनारा

या प्रकरणात पोलिसांनी कोणाला बोलावले आहे का? आमच्याकडे एका प्रकरणात काही जणांना व्हॉट्सअ‍ॅपवरच नोटीस पाठवली होती आणि घाबरून एकाने गाव सोडले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे की हजर राहण्यासाठीची पोलिसांची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपने बजावता येत नाही. तशी कोणाला आली असेल तर ती जपून ठेवावी, वकिलाला दाखवावी, आणि पैसे मागणारा "डिजिटल अटक" असा शब्द वापरत असेल तर तो पोलीस नव्हे, कारण अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही.


खाडीवारा

सर्वांचे मनापासून आभार. सुरंगीताईंच्या प्रश्नाने मी काल त्यांच्या मांगरावर गेलो. बाईंनी व्हिडिओ पाहिलेला आहे. तिचे म्हणणे तिने नवऱ्याआधी सांगितले. आळ खोटा आहे हे तर ती सांगतेच, पण मुलाला अंगणवाडीत नेताना इतर बायका तिला ओळखतात आणि बोलणे थांबवतात, हे तिला अधिक लागले आहे. व्हिडिओ पुसला जावा आणि जिथे तो टाकला त्याच ग्रुपवर तसे लिहिले जावे, एवढीच तिची मागणी आहे. पोलिसांनी आतापर्यंत कोणालाही बोलावलेले नाही.

वाडीच्या आणि मंडळाच्या ग्रुपवर मी ही मागणी ठेवली. मंडळाच्या अध्यक्षांनी त्याच रात्री सर्वांना आपापल्या मोबाईलमधील प्रत काढून टाकण्याची विनंती केली. वाडीच्या ग्रुपवर मात्र वाद झाला आणि "मग आंबे कोणी नेले ते सांग" असे मला विचारण्यात आले. एक मूळ प्रत मी पुराव्यासाठी वेगळी ठेवायला सांगितली आहे, कारण काळा कोट म्हणतात त्याप्रमाणे मारहाणीचा तोच पुरावा आहे. आता अडचण अशी आहे की पाऊस लागला की हे कुटुंब गावी जाईल. त्यांच्या वतीने मी तक्रार देऊ शकतो का?


काळा कोट

अडवणुकीसारख्या दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणीही देऊ शकतो, त्यामुळे साक्षीदार म्हणून तुम्ही ती देऊ शकता. बदनामीची तक्रार मात्र साधारणपणे बाधित व्यक्तीनेच दंडाधिकाऱ्यांकडे करावी लागते. त्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे, म्हणजे पुढच्या हंगामात परत आल्यावरही ती करता येईल. मात्र दोघांचेही जबाब आताच व्हायला हवेत. मोफत वकील मिळण्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता ही मदत मिळते, म्हणून अर्ज बाईंच्या नावाने करा. नालसाचा, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा, १५१०० हा क्रमांकही आहे.

जबाब हिंदीत घाईने उरकू देऊ नका. नेपाळी जाणणारा दुभाषी मागा, आणि लिहिलेला मजकूर वाचून, समजावून मगच सही किंवा अंगठा घ्या.


कलमबाग

दुभाष्याची व्यवस्था मी करतो. माझ्या बागेत अनेक हंगाम काम करणारे एक नेपाळी गृहस्थ मराठी उत्तम बोलतात आणि त्यांना वाचताही येते. खाडीवारा, तुम्ही जबाबासाठी जाण्याचा दिवस कळवा, मी त्यांना गाडीने घेऊन येईन. बागायतदारांच्या ग्रुपवर तो व्हिडिओ अजून आहे. तिथल्या अ‍ॅडमिनशी मी आजच बोलतो आणि बाईंची मागणी त्यांच्या शब्दांत तिथे टाकतो. हरकत नसेल तर त्यांचे म्हणणे मला लिहून पाठवा, नाव न घालता.


खाडीवारा

पाठवतो. आधी त्यांना वाचून दाखवतो आणि त्यांचा होकार घेतो.